भिंतीपलीकडचे झाड, भिंतीअलीकडची फांदी

मे महिना संपत आला, वळवाचे एक-दोन तडाखे बसून गेले, की शहरांतील बंगल्यांच्या आणि गृहनिर्माण संस्थांच्या आवारात लोक माना वर करून पाहू लागतात. वर्षभर जिच्या सावलीत गाडी उभी केली, ती फांदी एकाएकी भीतिदायक वाटू लागते. झाड स्वतःच्या आवारातले असेल तर निर्णय घरातल्या घरात घेता येतो. परंतु बुंधा शेजारच्या आवारात आणि फांदी मात्र आपल्या छपरावर अशी स्थिती असेल, तर प्रश्न केवळ झाडाचा राहत नाही. त्यात मालकी येते, कायदा येतो आणि बहुतेक वेळा अनेक वर्षांचा शेजारही पणाला लागतो.

एक नेहमीचे उदाहरण घेऊ. दोन बंगल्यांच्या मध्ये पाच फुटी भिंत आहे. तीस वर्षांपूर्वी एका घरच्या वडीलधाऱ्यांनी भिंतीलगत आंब्याची कोय लावली. आज त्या आंब्याच्या दोन जाड फांद्या शेजारच्या गच्चीवर पसरल्या आहेत. पालापाचोळ्याने पन्हळी तुंबतात, पाणी साचून भिंतीला ओल येते आणि वारा सुटला की फांदी पत्र्यावर घासते. शेजारी दोनदा बोलून पाहतो, तिसऱ्यांदा बोलणे टाळतो आणि एका रविवारी कोयता चालविणाऱ्या माणसाला बोलावून फांद्या तोडून टाकतो. सोमवारी महापालिकेच्या उद्यान विभागाकडे तक्रार जाते. ज्याला त्रास होत होता तोच आता आरोपी ठरण्याच्या बेतात असतो. असे का होते, हे समजण्यासाठी दोन वेगवेगळे कायदे एकत्र वाचावे लागतात.

हवेतील हद्द

जमिनीच्या मालकाचा हक्क केवळ मातीपुरता नसतो. त्या जमिनीच्या वरील अवकाशाचा वाजवी उपभोग घेण्याचाही त्याला हक्क असतो. शेजारच्या झाडाची फांदी त्या अवकाशात शिरली आणि तिच्यामुळे उपद्रव होऊ लागला, तर तो दिवाणी स्वरूपाचा अपराध मानला जातो. जमिनीखालून शिरणाऱ्या आणि भिंत वा मलनिस्सारणाची नळी फोडणाऱ्या मुळांनाही हेच तत्त्व लागू पडते.

या विषयावरील मूळ निवाडा इंग्लंडमधील आहे. ‘लेमन विरुद्ध वेब’ या खटल्यात १८९४ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने असे ठरविले, की शेजाऱ्याच्या जमिनीत पाऊल न टाकता आपल्या हद्दीत आलेल्या फांद्या तोडण्याचा हक्क जमीनमालकाला आहे आणि त्यासाठी पूर्वसूचना देण्याचीही सक्ती नाही. त्या खटल्यातील झाडे जुनी होती आणि त्यांच्या फांद्या वर्षानुवर्षे हद्दीबाहेर झुकलेल्या होत्या. तरीही झाडाच्या मालकाला त्याचा लाभ मिळाला नाही.

आपल्याकडे नेमक्या याच मुद्द्यावर मोठा गैरसमज आहे. ‘फांदी वीस वर्षांहून अधिक काळ तिथे आहे, आता ती आमची वहिवाट झाली,’ असे झाडाचे मालक ठामपणे सांगतात. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ नुसार वाट, पाणी, उजेड यांसारख्या बाबतींत वीस वर्षांच्या अखंड उपभोगाने हक्क मिळू शकतो, हे खरे आहे. परंतु झाडाची फांदी दुसऱ्याच्या जागेवर झुकत ठेवण्याचा हक्क अशा वहिवाटीने मिळत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच सांगून ठेवले आहे. त्यामागील कारण सोपे आहे. वाट वीस वर्षे तीच राहते, फांदी मात्र दरवर्षी वाढते. यंदाची फांदी ही वीस वर्षांपूर्वीची फांदी नव्हेच. मग तिच्याबद्दल वीस वर्षांचा उपभोग मोजणार तरी कसा?

येथपर्यंतचा कायदा वाचून कोणीही निष्कर्ष काढील, की हद्दीत आलेली फांदी खुशाल तोडावी. आपल्या उदाहरणातील शेजाऱ्यानेही तसाच निष्कर्ष काढला होता.

वृक्ष कायद्याची आडकाठी

महाराष्ट्रातील महापालिका आणि नगरपालिका क्षेत्रांत महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू आहे. या कायद्याने प्रत्येक नागरी संस्थेत वृक्ष प्राधिकरण आणि वृक्ष अधिकारी यांची व्यवस्था केली. वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून झाड तोडता येत नाही. झाड रस्त्यावरचे असो की खासगी जागेतले, त्याने फरक पडत नाही.

महत्त्वाची बाब ‘झाड तोडणे’ या शब्दाच्या व्याख्येत दडलेली आहे. झाड बुंध्यापासून आडवे करणे एवढाच त्याचा अर्थ नाही. जाळणे, कापणे किंवा कोणत्याही प्रकारे झाडाला इजा करणे यांचाही त्यात समावेश होतो. म्हणूनच फांद्या छाटण्यासाठीसुद्धा परवानगी घ्यावी लागते. बुंध्यात खिळे ठोकणे, मुळाशी रसायन ओतणे, साल गोलाकार सोलून झाड हळूहळू वाळविणे हे ‘गुपचूप’ उपायही या व्याख्येतून सुटत नाहीत.

२०२१ साली या कायद्यात झालेल्या दुरुस्तीने पन्नास वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा दिला. असे झाड तोडण्याची परवानगी मिळालीच, तर झाडाचे वय जितके, तितकी नवी झाडे लावण्याचे बंधन आले. साहजिकच वाड्यांच्या आणि जुन्या बंगल्यांच्या आवारांतील वड, पिंपळ, चिंच, आंबा यांच्याबाबत विशेष सावधगिरी बाळगणे आवश्यक आहे.

थोडक्यात, दिवाणी कायदा शेजाऱ्याला हक्क देतो आणि वृक्ष कायदा त्या हक्काच्या वापराला रीत घालून देतो. उपद्रव सहन करीत राहण्याची सक्ती कोणावरही नाही. परंतु परवानगीशिवाय हाती करवत घेण्याची मुभाही नाही.

भिंतीवरची रेषा आणि झाडाची रेषा

परवानगीचा मुद्दा क्षणभर बाजूला ठेवला, तरी बरोबर हद्दीच्या रेषेवर फांदी कापणे झाडाच्या दृष्टीने बहुधा चुकीचेच असते. फांदी जिथे खोडाला किंवा मोठ्या फांदीला मिळते, तिथे किंचित फुगवटा असतो. जखम भरून काढणाऱ्या ऊती तिथेच असतात. या फुगवट्याला धक्का न लावता त्याच्या लगत बाहेरून काप घेतला, तर काही हंगामांत नवी साल चढून जखम बंद होते. भिंतीच्या रेषेवर कापल्यास मागे लांबलचक खुंट उरतो. तो भरून येत नाही. त्यात पाणी मुरते, बुरशी शिरते आणि काही वर्षांनी ढोली तयार होते. कित्येकदा त्या खुंटावर कोवळ्या फुटव्यांचा झुबका येतो. हे फुटवे वरवर जोमदार दिसतात, पण त्यांची पकड कच्ची असल्यामुळे जोराच्या वाऱ्यात तेच आधी मोडतात.

दुसरा प्रश्न तोलाचा असतो. एका बाजूच्या सर्व फांद्या उतरविल्या, की झाडाचा भार दुसऱ्या बाजूला जातो. भिंतीचा पाया खणताना त्याच झाडाची मुळे तोडली गेली असतील, तर भरीत भर पडते. जोरदार पावसाने माती सैल झाली की असे झाड उन्मळण्याचा संभव वाढतो. गुलमोहरासारख्या पसरट मुळांच्या आणि ठिसूळ लाकडाच्या झाडाबाबत ही भीती अधिक असते.

याचा व्यावहारिक अर्थ ध्यानात घेण्याजोगा आहे. योग्य काप ज्या ठिकाणी घ्यायचा, ते ठिकाण बहुतेक वेळा शेजाऱ्याच्या हद्दीत असते आणि तिथे त्याच्या संमतीवाचून जाता येत नाही. म्हणजे झाड वाचवायचे असेल तर मालकाची संमती लागते आणि घर वाचवायचे असेल तरी तीच लागते.

बोलणे आणि मग लिहिणे

भिंतीपलीकडील मालकाला आपले झाड खालून आणि आपल्या बाजूने दिसत असते. पत्र्यावर घासणारी फांदी, तुंबलेली पन्हळ, भिंतीवरील ओल यांपैकी त्याला काहीच दिसत नाही. म्हणून तक्रार करण्यापूर्वी दाखविणे अधिक उपयोगी पडते. ‘काका, पावसाळ्याआधी एकदा गच्चीवर येऊन ती फांदी पाहता का?’ या एका वाक्याने जे काम होते, ते पुष्कळदा वकिलाच्या नोटिशीने होत नाही. खर्चाचा विषयही त्याच वेळी मोकळेपणाने काढावा. छाटणीचा खर्च कोणी द्यावा, यावरून अनेक ठिकाणी काम अडते. अर्धा वाटा उचलण्याची तयारी दाखविली, तर तो खर्च भिंतीच्या दुरुस्तीपेक्षा कमीच असतो.

बोलण्याने काम झाले नाही, तर लेखी पत्र द्यावे. त्यात झाडाची जात, फांदीची जागा, होत असलेले नुकसान आणि अपेक्षित उपाय हे चार मुद्दे पुरेसे आहेत. सोबत तारीख असलेली छायाचित्रे जोडावीत. पत्र पोचल्याची सही घ्यावी किंवा ते पोचपावतीसह टपालाने पाठवावे. झाड गृहनिर्माण संस्थेच्या आवारातील असेल, तर पत्र एखाद्या सभासदाच्या नावे न पाठविता संस्थेच्या सचिवांच्या नावे पाठवावे, कारण सामाईक जागेतील झाडाची जबाबदारी संस्थेची असते.

हे पत्र केवळ औपचारिकता नव्हे. झाड पडून झालेल्या नुकसानीबद्दल मालक जबाबदार ठरतो की नाही, हे धोक्याची कल्पना त्याला होती का किंवा असायला हवी होती का, यावर बरेच अवलंबून असते. राजकोट महापालिकेसंबंधीचे प्रकरण या दृष्टीने बोलके आहे. १९७५ साली रस्त्याकडेचे झाड अचानक कोसळून एका पादचाऱ्याचा मृत्यू झाला. खालच्या न्यायालयांनी भरपाई मंजूर केली. परंतु ते झाड पडेल याची पूर्वकल्पना महापालिकेला असल्याचे सिद्ध होत नाही, अशा आशयाची कारणे देत सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली तिची जबाबदारी नाकारली. ज्याच्या हाती धोक्याची लेखी सूचना पोचली आहे, त्याला असा बचाव करणे फार अवघड जाते. फांदी वाळलेली आहे, बुंध्यात ढोली आहे असे पत्राने कळविलेले असताना पुढे झालेला अपघात ‘दैवी आपत्ती’ या सदरात टाकता येत नाही.

परवानगीचा अर्ज

छाटणीच्या परवानगीसाठी महापालिकेच्या उद्यान विभागाकडे किंवा नगरपालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो. अर्जात झाडांचे वर्णन, त्यांची जागा दर्शविणारा नकाशा आणि छाटणीचे कारण द्यावे लागते. झाडाच्या मालकाने स्वतः अर्ज करणे सर्वांत सोयीचे. ते शक्य नसल्यास त्याची लेखी ना-हरकत अर्जासोबत जोडावी. मालक ना-हरकत देण्यास तयार नसेल, तर शेजाऱ्याने गप्प बसण्याचे कारण नाही. आपल्या पत्राची प्रत आणि छायाचित्रे जोडून वृक्ष अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करता येते आणि जागेची पाहणी करण्याची विनंती करता येते.

झाड वाळलेले, रोगट किंवा वाऱ्याने पडलेले असेल, अथवा त्यापासून जीवित वा मालमत्तेला धोका असेल, तर परवानगी नाकारू नये, असे खुद्द कायद्यातच नमूद आहे. म्हणून अर्जात ‘पाला पडतो, त्रास होतो’ असे मोघम लिहिण्यापेक्षा ‘फांदीला खोडाजवळ उभी चीर गेली आहे’ असे नेमके लिहिणे हिताचे असते. पाहणी करणाऱ्या अधिकाऱ्याने शोधायची लक्षणेही हीच आहेत. खोडाला गेलेली चीर, बुंध्यावर उगवलेल्या बुरशीच्या छत्र्या, पोकळ आवाज, हंगाम नसताना वाळलेला शेंडा, मुळाजवळ उचलली गेलेली माती आणि नव्याने वाढलेला कल यांची नोंद घ्यावी.

खासगी आवारातील छाटणीचा खर्च सर्वसाधारणपणे मालकालाच करावा लागतो. परवानगी मिळाल्यावर काम जाणत्या माणसाकडूनच करून घ्यावे. मोठी फांदी एका घावात तोडू नये. आधी खालून थोडा काप, मग त्याच्या पुढे वरून काप आणि भार उतरल्यावर फुगवट्यालगत शेवटचा काप घ्यावा. त्यामुळे साल खोडापर्यंत सोलली जात नाही. फांदी दोराने बांधून उतरवावी. जवळून विजेच्या तारा जात असतील, तर वीज कंपनीला कळवून प्रवाह बंद केल्याशिवाय कोणालाही झाडावर चढवू नये. घरटी आहेत का, हेही आधी पाहावे. बगळे आणि पाणकावळे पावसाळ्यातच मोठ्या झाडांवर वीण घालतात आणि वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ त्यांच्या अंड्यांना व पिलांनाही संरक्षण देतो. हे सारे लक्षात घेता अर्ज पावसाळ्याच्या तोंडावर न करता हिवाळा संपताच केलेला बरा.

धोका दारात उभा असेल तर

फांदी लोंबकळत असेल, झाड कललेले असेल, तर पत्रव्यवहाराला वेळ नसतो. अशा वेळी अग्निशमन दल किंवा नागरी संस्थेचा आपत्कालीन कक्ष यांना कळवावे. मुंबईत यासाठी १९१६ हा क्रमांक आहे. शिवाय भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ च्या कलम १५२ नुसार आणखी एक मार्ग उपलब्ध आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हीच तरतूद कलम १३३ मध्ये होती. एखादे झाड पडून शेजारी राहणाऱ्यांना किंवा येणाऱ्या-जाणाऱ्यांना इजा होण्याचा संभव असेल, तर कार्यकारी दंडाधिकारी ते झाड हटविण्याचा अथवा त्याला आधार देण्याचा आदेश संबंधिताला देऊ शकतात. तहसीलदारांकडे हे अधिकार असल्याने तालुक्याच्या ठिकाणी हा मार्ग तुलनेने जवळचा ठरतो.

गावचा बांध, गावचे झाड

ग्रामीण भागात वाद वेगळ्या रूपात दिसतो. बांधावरचे झाड कोणाचे, त्याच्या सावलीने खालचे पीक खुरटते ते नुकसान कोणी सोसायचे, हे प्रश्न शेतीइतकेच जुने आहेत. तिथे नागरी क्षेत्राचा कायदा लागू नसला, तरी महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ लागू आहे. साग, आंबा, फणस, चिंच, जांभूळ, मोह, हिरडा, खैर, चंदन, ऐन, किंजळ, अंजन आदी अनुसूचित झाडे स्वतःच्या मालकीच्या जमिनीतील असली, तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत.

बांधावरच्या झाडाबाबत पहिले काम मोजणीचे. बुंधा ज्याच्या हद्दीत, झाड त्याचे, हा साधा नियम लावण्यासाठी आधी हद्द निश्चित हवी. भूमी अभिलेख कार्यालयाकडून हद्द कायम करून घेतल्यावर निम्मे वाद आपोआप मिटतात. बुंधाच हद्दीवर असेल, तर झाड सामाईक मानून दोघांनी लेखी समजूत करून घेणे श्रेयस्कर. गावातील प्रतिष्ठितांनी मध्यस्थी करण्याची परंपरा आहेच. २००७ साली सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेने तिला समितीचे रूप दिले होते.

फळे कोणाची, लाकूड कोणाचे

फांदी आपल्या अंगणात आली म्हणून तिच्यावरचे आंबे आपले होत नाहीत. झाड ज्याचे, फळे त्याची, हेच इंग्लंडमधील न्यायालयांनी मान्य केलेले आणि आपल्याकडेही स्वीकारले जाणारे तत्त्व आहे. रीतसर छाटलेल्या फांदीचे लाकूडही झाडाच्या मालकाचे असते. ते परस्पर विकणे किंवा जाळणे योग्य नव्हे. उलटपक्षी, पडलेली फळे गोळा करण्यासाठी शेजाऱ्याच्या आवारात न विचारता शिरण्याचा हक्क मालकालाही नाही. जर्मनीच्या दिवाणी संहितेने मात्र वेगळी वाट धरली आहे. आपोआप गळून शेजारच्या जमिनीत पडलेले फळ तिथे त्या जमिनीचेच मानले जाते. आपल्याकडे हा प्रश्न कायद्यापेक्षा रिवाजाने सुटत आला आहे. आंबे उतरल्यावर भिंतीपलीकडे एक पाटी पाठविण्याची रीत ज्या घरांनी पाळली, तिथे फांदीवरून भांडण क्वचितच झाले असेल.

न्यायालय, शेवटचा मार्ग

सर्व मार्ग संपले तर दिवाणी न्यायालय आहेच. फांद्या वा मुळे काढून टाकण्याचा आदेश देण्याची विनंती विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ खाली करता येते आणि झालेल्या नुकसानीची भरपाईही मागता येते. हा उपद्रव चालू स्वरूपाचा असल्यामुळे मुदतीच्या कायद्याची अडचण सहसा येत नाही. मात्र न्यायालयाने आदेश दिला, तरी प्रत्यक्ष छाटणी वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीने आणि योग्य पद्धतीने व्हावी लागते, हे विसरता येत नाही. दावा दाखल करण्याआधी तालुका विधी सेवा समितीमार्फत लोकअदालतीत प्रकरण ठेवता येते. तिथे झालेला समझोता न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकाच बंधनकारक असतो.

दावा मात्र वर्षानुवर्षे चालतो आणि त्या काळात आंबा वाढायचा थांबत नाही. आपल्या उदाहरणातील दोन्ही घरांना खरे तर एकच गोष्ट हवी होती. पावसाळ्यात फांदी कोणाच्याही अंगावर पडू नये आणि पुढच्या वैशाखात झाडाला मोहराची फळे झालेली दिसावीत. एकाने गच्चीवर बोलाविले असते, दुसऱ्याने अर्जावर सही केली असती, तर फेब्रुवारीतल्या एका सकाळी दोन तासांत ते काम उरकले असते. तीस वर्षांपूर्वी कोय लावणाऱ्याने भिंतीपासून दहा फूट जागा सोडली असती, तर तेही करावे लागले नसते. आज नवे झाड लावणाऱ्याने खड्डा खणण्यापूर्वी तेवढे अंतर पावलांनी मोजून घ्यावे.